वेल्स स्ट्रीटवरचं दार: एक गे बार सुमारे सत्तावन्न वर्षं कसा चालला

अमेरिकेच्या विस्कॉन्सिन राज्यात, मिशिगन सरोवराच्या काठावर मिल्वॉकी नावाचं शहर आहे. तिथे ईस्ट वेल्स स्ट्रीटवर, ४१८ क्रमांकाच्या गाळ्यात, १९६८ साली जून ब्रेम नावाच्या बाईंनी एक बार उघडला. नाव ठेवलं ‘धिस इज इट!’. मराठीत म्हणायचं तर ‘हेच ते!’. मार्च २०२५ मध्ये तो बंद झाला. मधल्या काळात शहरातले मोठे कारखाने बंद पडले, राज्याचे कायदे बदलले, एड्सची साथ आली, मोबाइल आला, कोविड आला. बार मात्र त्याच पत्त्यावर होता. बंद झाला तेव्हा तो विस्कॉन्सिनमधला सर्वांत जुना गे बार होता, आणि सलग चालत आलेल्या अमेरिकेतल्या सर्वांत जुन्या गे बारांमध्ये त्याचं नाव घेतलं जायचं.

जून ब्रेम स्वतः समलिंगी नव्हत्या. बार पुढे मुलाने, जो ब्रेम यांनी, आईबरोबर चालवला. आई २०१० साली गेली, मुलगा २०१६ साली. एका घरातल्या दोन पिढ्यांनी मिळून गे लोकांसाठी एक दार जवळजवळ अर्धं शतक उघडं ठेवलं, ही गोष्ट मला फार मोठी वाटते. पण ती मोठी का आहे हे कळायचं असेल, तर बारच्या आतलं थोडं आणि बाहेरचं बरंच समजून घ्यावं लागतं. अशी जागा जगते किंवा मरते ती बहुतेक वेळा बाहेरच्या साध्या, कंटाळवाण्या गोष्टींमुळे. परवाना, भाडं, रस्ता, कारखान्याच्या पाळ्या. या लेखात त्या गोष्टी एकेक करून पाहू.

कारखान्यांचं शहर आणि कोपऱ्यावरचा गुत्ता

मिल्वॉकीला एके काळी ‘जगाचं मशीन शॉप’ म्हणत. अ‍ॅलिस-चामर्स कंपनी टर्बाइन आणि ट्रॅक्टर बनवायची, ए. ओ. स्मिथ मोटारींच्या चासी बनवायची, हार्ले-डेव्हिडसन १९०३ साली इथेच जन्मली. आणि बिअर! पॅब्स्ट, श्लिट्झ, ब्लाट्झ, मिलर ही सगळी याच शहराची नावं. जर्मन आणि पोलिश कामगार मोठ्या संख्येने आलेले, नंतर दक्षिणेकडच्या राज्यांतून कृष्णवर्णीय कामगार आले. १९६० च्या जनगणनेत शहराची लोकसंख्या ७ लाख ४१ हजारांवर होती. तो तिचा कळस. आता ती पावणेसहा लाखांच्या आसपास आहे.

या शहरात दर दोन-तीन चौक सोडून कोपऱ्यावर एक टॅव्हर्न असायचा. टॅव्हर्न म्हणजे आपला गुत्ता म्हणा, पण गुत्त्याला आपल्याकडे जो वाईट वास आहे तो त्याला नाही. एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीला बिअर कंपन्यांनी स्वतःच कोपऱ्याकोपऱ्यावर इमारती बांधल्या आणि त्या चालवायला दिल्या, अट एवढीच की तिथे आमचीच बिअर विकायची. श्लिट्झ कंपनीचं पृथ्वीगोलाचं चिन्ह मिल्वॉकीतल्या काही जुन्या इमारतींवर अजून दिसतं. १९२० ते १९३३ या दारूबंदीनंतर नवे नियम आले. बनवणारा, घाऊक विकणारा आणि ग्लासात ओतणारा हे तिघे वेगळे असले पाहिजेत, असं ठरलं. त्यामुळे गल्ल्यावर कंपनीचा माणूस न राहता एखादं कुटुंब आलं. खाली बार, वर बिऱ्हाड.

गिरणगावातल्या खानावळी आठवा. गिरणीच्या भोंग्यावर त्यांचं घड्याळ चालायचं, आणि घरी एकटी पडलेली, नवरा गेलेली किंवा कमी पगारात संसार ओढणारी बाई त्या चालवायची. मिल्वॉकीच्या टॅव्हर्नचं गणित तसंच होतं. पाळी सुटली की माणसं यायची, आणि गल्ल्यामागे बाई असणं तिथे नवलाचं नव्हतं. जून ब्रेम यांनी बार काढला तो याच परंपरेत. वेगळं होतं ते गिऱ्हाईक.

आता त्या गिऱ्हाइकाच्या बाजूने पाहू. १९६८ सालचा पंचविशीतला कामगार. राहतो आईवडिलांकडे किंवा एखाद्याच्या घरात खोली घेऊन. रविवारी चर्च, सोमवारी कारखाना, शुक्रवारी युनियनची माणसं. सगळे एकमेकांना ओळखतात. त्याला पुरुष आवडतात, हे तो कुणाला सांगू शकत नाही. आपल्यासारखा दुसरा कुणी शहरात आहे का, हे त्याला कळणार कसं? वर्तमानपत्रात जाहिरात देता येत नाही. बागेत किंवा स्टेशनच्या स्वच्छतागृहात साध्या कपड्यातला पोलीस उभा असण्याची भीती. एकट्या माणसाने अनोळखी लोकांत तीन तास नुसतं बसून राहावं आणि कुणी ‘इथे काय करतोस?’ असं विचारू नये, अशी जागा औद्योगिक शहरात एकच होती. बार. पुढे अमेरिकेतल्या गे चळवळीची बीजं बारमध्येच का रुजली, या प्रश्नाचं उत्तर यात आहे. दारूच्या प्रेमाशी त्याचा संबंध फार थोडा. दुसरी जागाच नव्हती.

परवान्याची दोरी

विस्कॉन्सिनमध्ये दोन प्रौढ पुरुषांमधले संमतीचे शरीरसंबंध १९८३ सालापर्यंत गुन्हा होते. म्हणजे ‘धिस इज इट!’ची पहिली पंधरा वर्षं अशी गेली की आत बसलेल्यांचं प्रेम कायद्याने शिक्षेला पात्र होतं, आणि त्यांच्या हातातला ग्लास मात्र पूर्ण कायदेशीर.

ही विसंगती नीट समजून घेतली पाहिजे, कारण सगळा खेळ तिच्यावर चालायचा. समलिंगी असणं हा गुन्हा नव्हता, कृती हा गुन्हा होता. बारमध्ये कुणी तशी कृती करत नव्हतं. मग पोलीस धाड कशावर घालायचे? गैरवर्तन, रेंगाळणं, अश्लील वागणूक, अशा ढगळ कलमांवर. दोन पुरुष एकत्र नाचले, एकाने दुसऱ्याच्या गुडघ्यावर हात ठेवला, एवढं पुरायचं. अनेक अमेरिकी शहरांत धाडीनंतर पकडलेल्यांची नावं वर्तमानपत्रात छापून यायची. खटला सुटला तरी नोकरी सुटायची. शिवाय १९५३ साली अध्यक्ष आयझेनहॉवर यांच्या आदेशाने समलिंगी लोकांना केंद्र सरकारच्या नोकरीतून काढण्याचा मार्ग मोकळा झाला होता, आणि संरक्षणाची कंत्राटं घेणाऱ्या खासगी कारखान्यांतही गुप्ततेच्या परवानगीसाठी माणसाचं खासगी आयुष्य तपासलं जायचं. मिल्वॉकीत जनरल मोटर्सच्या एसी विभागात अपोलो चांद्रयानांची दिशादर्शक यंत्रणा तयार होत होती. अशा ठिकाणी काम करणाऱ्यासाठी बारचं दार ढकलणं म्हणजे आपली भाकरी पणाला लावणं.

बारमालकाची भीती वेगळी. त्याच्या गळ्यात दारूच्या परवान्याची दोरी. ‘गैरवर्तन चालणारी जागा’ असा शिक्का बसला की परवाना जायचा, आणि समलिंगी लोकांना नुसतं पेय देणं हेच गैरवर्तन, असं बऱ्याच राज्यांतले अधिकारी मानायचे. १९५१ साली कॅलिफोर्नियाच्या सर्वोच्च न्यायालयाने सॅन फ्रान्सिस्कोच्या ‘ब्लॅक कॅट’ बारच्या खटल्यात सांगितलं की, समलिंगी लोक जमतात एवढ्यावरून परवाना रद्द करता येणार नाही. १९६६ च्या एप्रिलमध्ये न्यूयॉर्कला तीन कार्यकर्ते पत्रकारांना सोबत घेऊन बारमध्ये गेले, ‘आम्ही समलिंगी आहोत, आम्हाला पेय द्या’ असं म्हणाले, आणि ‘ज्युलियस’ या बारमध्ये नकार मिळाल्यावर तोच नकार त्यांनी वादाचा मुद्दा केला. ही लढाई राज्याराज्यात वेगवेगळी चालली होती.

या भीतीचा एक परिणाम असा झाला की सरळ धंदा करणारा माणूस गे बारमध्ये पैसा घालायला तयार होईना. पोलिसांना हप्ते देण्याची तयारी असलेले लोक मग त्यात उतरले. १९६९ साली जिथे पोलिसांच्या धाडीविरुद्ध गे लोकांचा उठाव झाला ते न्यूयॉर्कचं ‘स्टोनवॉल इन’ माफियांच्या ताब्यात होतं. काउंटरमागे ग्लास धुवायला वाहतं पाणीसुद्धा नव्हतं. गिऱ्हाइकाला तक्रार करायला जागा नाही, म्हणून त्याला काहीही द्यावं आणि कितीही पैसे घ्यावेत.

जून ब्रेम यांचं मोल मला इथे दिसतं. स्टोनवॉलच्या उठावाच्या एक वर्ष आधी, गुन्हा ठरवणारा कायदा जिवंत असताना, एक बाई सरळ मार्गाने बार काढते आणि तो टिकवते. मिल्वॉकीत बारचा परवाना नगरपरिषद देते, दर वर्षी त्याचं नूतनीकरण होतं, पोलिसांचं म्हणणं विचारात घेतलं जातं, आणि त्या वॉर्डाच्या नगरसेवकाच्या शब्दाला वजन असतं. सिटी हॉलचा पत्ता २००, ईस्ट वेल्स स्ट्रीट. बारचा ४१८. रस्ता तोच, अंतर दोन-तीन चौकांचं. परवाना देणारा आणि घेणारा इतके जवळचे शेजारी! पन्नासहून अधिक वेळा तो कागद पुढे सरकत राहिला. या इतिहासात घोषणा फार नाहीत, वेळेवर भरलेले अर्ज पुष्कळ आहेत.

आपल्याकडे मुंबईत तुलना करायला गेलं तर असा दीर्घकाळ चाललेला, उघडपणे स्वतःला गे म्हणवणारा बार जवळजवळ सापडत नाही. कुलाब्याच्या ‘व्हूडू’सारख्या पबमध्ये शनिवारची रात्र असायची, नंतर ‘गे बॉम्बे’ गटाच्या पार्ट्या निरनिराळ्या जागा भाड्याने घेऊन व्हायच्या. एखादी रात्र आपली असायची, दार आपलं नसायचं. ६ सप्टेंबर २०१८ ला सर्वोच्च न्यायालयाने ३७७ कलमातून संमतीचे संबंध वगळले, तोवर कायमची पाटी लावणं मालकाला परवडणारं नव्हतं. जागा आणि रात्र यांतला हा फरक लक्षात ठेवला की मिल्वॉकीच्या त्या एका गाळ्याची किंमत कळते. मंगळवारी दुपारी चार वाजतासुद्धा तो उघडा असू शकतो, आणि नुकतंच कुणाकडून मन मोडलेला माणूस शनिवारची वाट न पाहता तिथे जाऊन बसू शकतो.

१९६१ ची ती रात्र

‘धिस इज इट!’च्या आधीही शहरात असे बार होते. त्यांतल्या ‘ब्लॅक नाइट’ची गोष्ट सांगितल्याशिवाय पुढे जाता येत नाही. नॉर्थ प्लँकिंटन अ‍ॅव्हेन्यूवर, नदीजवळच्या जुन्या भागात हा बार होता. ५ ऑगस्ट १९६१ च्या रात्री सैन्यातले चार तरुण पैज म्हणून तिथे आले. दारावर ओळखपत्रं मागितली, त्यांनी नकार दिला, बाचाबाची झाली, हातघाई झाली. आत जोसी कार्टर होती. कृष्णवर्णीय, जन्माने पुरुष म्हणून नोंदलेली आणि बाईच्या रूपात वावरणारी. आपल्या माणसावर हात पडलेला पाहून तिने बिअरची बाटली उचलली आणि त्यांच्यातल्या एकाच्या डोक्यात घातली. ते निघून गेले, आणि डझनभर साथीदार घेऊन परत आले, बार साफ करायच्या इराद्याने.

नेहमीचा शिरस्ता असा होता की अशा वेळी गिऱ्हाइकांनी मागच्या दाराने पळायचं, कारण पोलीस आले तर आपलंच नाव लागणार. त्या रात्री ते पळाले नाहीत. आत पंच्याहत्तरच्या आसपास माणसं होती, आणि ती लढली. बारची मोडतोड झाली, आरसे-बाटल्यांचा चुरा झाला. हे स्टोनवॉलच्या आठ वर्षं आधी घडलं, बिअरच्या शहरात, कामगारांच्या शहरात. जगाला त्याचा पत्ता नव्हता. कार्टरचं निधन २०१४ मध्ये झालं. विस्कॉन्सिनच्या एलजीबीटीक्यू इतिहासाची कागदपत्रं आणि आठवणी गोळा करणाऱ्या स्थानिक प्रकल्पाने ही हकीकत खणून काढली, आणि २०२१ साली, साठ वर्षांनी, मिल्वॉकी काउंटीने ५ ऑगस्ट हा ‘ब्लॅक नाइट’चा स्मरणदिन म्हणून जाहीर केला.

मग ‘ब्लॅक नाइट’चं काय झालं? सैनिकांनी तो बंद पाडला नाही, पोलिसांनीही नाही. १९६६ साली तो पाडला गेला तो आय-७९४ या महामार्गासाठी. त्या दशकात अमेरिकेतल्या बहुतेक औद्योगिक शहरांत हेच चाललं होतं. मोटारींना उपनगरांतून थेट शहरात आणायचं म्हणून जुन्या वस्त्यांमधून रुंद रस्ते काढले गेले, आणि जमीन स्वस्त मिळेल, विरोध कमी होईल अशा भागांवर नांगर फिरला. मिल्वॉकीत कृष्णवर्णीयांची ब्राँझव्हिल ही वस्ती दुसऱ्या एका महामार्गाने चिरली. स्वस्त भाड्याच्या गाळ्यांत चालणारे गे बार अशाच भागांत असायचे. त्यांच्या बाजूने महापालिकेत बोलणार कोण? आपला बार वाचवा असं सांगायला गिऱ्हाइकाला आधी तोंड दाखवावं लागलं असतं.

चर्च, राज्यपाल आणि एक कायदा

वेल्स स्ट्रीटवरचा हा गाळा मात्र चांगल्या वस्तीत होता. एका बाजूला १८९३ सालचं फिस्टर हॉटेल, थोडं पुढे पॅब्स्ट थिएटर, आणि हाकेच्या अंतरावर सेंट जॉन हे रोमन कॅथलिकांचं मुख्य कॅथीड्रल. या शेजारामुळे नाटकाहून परतणारा, हॉटेलात उतरलेला, कचेरीतून सुटलेला असा मिसळ गिऱ्हाईक मिळत राहिला. टाय लावलेला माणूस आत शिरला तरी रस्त्यावरच्या कुणाला त्यात वावगं दिसत नसे.

कॅथीड्रलचा उल्लेख मी जागेच्या शोभेसाठी केलेला नाही. विस्कॉन्सिनने १९८२ साली अमेरिकेत पहिल्यांदा राज्यभर लागू होणारा असा कायदा केला की लैंगिक कलाच्या कारणावरून नोकरी, घर आणि सार्वजनिक सेवा नाकारता येणार नाहीत. दुसरं राज्य, मॅसॅच्युसेट्स, १९८९ साली आलं. विस्कॉन्सिन पहिलं कसं ठरलं? पाया घातला मिल्वॉकीचे कृष्णवर्णीय आमदार लॉइड बार्बी यांनी. शाळांमधला वंशभेद मोडायला कोर्टात लढलेले हे वकील. १९६७-६८ मध्ये कॅथलिक धर्मगुरू फादर ग्रॉपी आणि तरुण कार्यकर्त्यांनी घरांच्या समान हक्कासाठी सलग दोनशे रात्री मोर्चे काढले, त्याच शहराचे आणि त्याच काळाचे. बार्बी यांना भेदभाव हा भेदभाव दिसत होता, कुणाशीही झालेला. सत्तरच्या दशकात डेव्हिड क्लॅरेनबाख या तरुण आमदाराने तो धागा हाती घेतला. आणि विधेयकाच्या बाजूने ज्यांनी जाहीर पाठिंबा दिला त्यांत मिल्वॉकीचे कॅथलिक आर्चबिशप रेम्बर्ट वीकलँड होते. सही केली रिपब्लिकन राज्यपाल ली ड्रेफस यांनी. त्यांचं म्हणणं असं की माणसाच्या खासगी आयुष्यात सरकारने विनाकारण शिरू नये, हेच आमच्या पक्षाचं मूळ तत्त्व आहे.

आज हे वाचताना आश्चर्य वाटतं. पण यातला क्रम पाहा. नोकरीचं संरक्षण १९८२ साली मिळालं, आणि शरीरसंबंध गुन्ह्याच्या यादीतून १९८३ साली निघाले. म्हणजे मधलं वर्षभर असं होतं की तुम्ही समलिंगी आहात म्हणून मालक तुम्हाला काढू शकत नव्हता, पण पोलीस पकडू शकत होते.

दुसरीकडे, कायदा आला तेव्हा ज्या नोकऱ्या तो वाचवणार होता त्याच निघून चालल्या होत्या. श्लिट्झने मिल्वॉकीतला कारखाना १९८१ साली बंद केला. अ‍ॅलिस-चामर्स १९८७ साली दिवाळखोरीत गेली. पॅब्स्टची भट्टी १९९६ साली विझली. मुंबईच्या १९८२ च्या संपानंतरचा गिरणगाव पाहिलेल्यांना या ओळींमागचं दुःख वेगळं सांगायला नको. शहराच्या दक्षिणेकडे वॉकर्स पॉइंट भागात गोदामं आणि छोटे कारखाने रिकामे पडले, भाडी उतरली, आणि त्या स्वस्त जागांत गे बार आले. साउथ सेकंड स्ट्रीटवर ‘क्लब २१९’, ‘ला काज’ अशी रांग लागली. कारखान्यांच्या पडझडीने या समाजाला एक पेठ मिळाली, असं म्हणायला जीव धजत नाही, पण घडलं ते असंच.

दोन काळे अध्याय

एड्सची साथ आली तेव्हा मिल्वॉकीकडे एक गोष्ट आधीपासून तयार होती. ‘गे पीपल्स युनियन’ या स्थानिक संघटनेने १९७४ साली स्वयंसेवकांच्या जोरावर गुप्तरोगांची तपासणी सुरू केली होती, आणि त्यातूनच ‘बेस्ट-डी’ हे क्लिनिक उभं राहिलं. तपासायला कुठे जायचं, कुणावर विश्वास ठेवायचा, हे लोकांना ठाऊक होतं. बार इथे कामाला आले. माहितीची पत्रकं, निरोध, औषधपाण्यासाठी आणि अंत्यविधीसाठी निधी, सगळं बारच्या काउंटरवरून. ज्याला घरचे दवाखान्यात भेटायला येत नव्हते त्याला भेटायला कोण जाणार याची वाटणी बारमध्ये व्हायची. ड्रॅग, म्हणजे पुरुषांनी स्त्रीवेषात रंगवलेले प्रयोग, त्या वर्षांत करमणूक होतेच, शिवाय पैसे गोळा करण्याचं साधनही झाले. प्रेक्षक नोटा पुढे करायचे, त्या उपचारांना जायच्या.

दुसरा अध्याय जेफ्री डामर या खुन्याचा, ज्याने एकामागून एक तरुण मारले. मी त्याच्यावर एकच परिच्छेद खर्च करणार आहे, कारण जगाने त्याच्यावर गरजेपेक्षा कितीतरी जास्त खर्च केला आहे. तो वॉकर्स पॉइंटच्या बारमध्ये जायचा, आणि त्याने मारलेल्या तरुणांत बहुतेक कृष्णवर्णीय किंवा आशियाई, लॅटिनो होते. मे १९९१ मध्ये त्याच्या तावडीतून निसटलेला चौदा वर्षांचा लाओ कुटुंबातला मुलगा रस्त्यावर आला. शेजारच्या कृष्णवर्णीय मुली आणि बायका पोलिसांना सांगत राहिल्या की हा लहान आहे, जखमी आहे. पोलिसांनी हे दोन पुरुषांमधलं खासगी भांडण समजून मुलाला डामरच्या हवाली केलं. त्याच रात्री तो मारला गेला. गे माणसाचं जगणं पोलिसांना इतकं परकं होतं, आणि कृष्णवर्णीय बाईचा शब्द इतका हलका, की एक मूल त्या दोन्हींमधल्या फटीत गेलं. बारांमधली पोलिसांची भीती ही जुनी गोष्ट आहे असं कुणी म्हणालं की मला ती तारीख आठवते.

बारच्या आतही सगळं गोड नव्हतं, हे सांगायला हवं. सत्तर-ऐंशीच्या दशकांत अमेरिकेतल्या अनेक गे बारमध्ये कृष्णवर्णीय गिऱ्हाइकाकडे दारावर दोन-तीन ओळखपत्रं मागायचे, गोऱ्याकडे एकही नाही. बायकांना नकोसं करायचे. म्हणून लेस्बियन स्त्रियांनी, कृष्णवर्णीयांनी आपापले बार काढले, आणि कमी भांडवलावर उभे असल्यामुळे तेच आधी बंद पडले. ओबर्लिन कॉलेजचे समाजशास्त्रज्ञ ग्रेगर मॅटसन यांनी छापील प्रवासी मार्गदर्शिकांमधल्या नोंदी मोजल्या. २००७ ते २०१९ या काळात अमेरिकेतल्या गे बारांच्या नोंदी साधारण ३७ टक्क्यांनी घटल्या. लेस्बियन बारांच्या निम्म्याहून अधिक गेल्या, आणि गौरेतर गिऱ्हाइकांच्या बारांच्या त्याहून जास्त.

मग हा का बंद झाला?

सोपं उत्तर सगळ्यांच्या तोंडी असतं: फोनवरची ॲप्स. ते अर्धं खरं आहे. जोडीदार शोधायला बारमध्ये जावं लागत नाही, हे खरं. शिवाय तरुण मुलंमुली आता कुठल्याही बारमध्ये हातात हात घालून बसू शकतात. जून २०१४ मध्ये एका केंद्रीय न्यायाधीशांनी विस्कॉन्सिनची समलिंगी विवाहबंदी रद्द केली, तेव्हा मिल्वॉकीच्या कोर्टात त्याच संध्याकाळी उशिरापर्यंत लग्नं लागली. जगण्याच्या वाटा रुंदावल्या, म्हणजे एका अरुंद दारावरची गर्दी कमी होणार.

पण ‘धिस इज इट!’ या सगळ्याला पुरून उरला होता. जो ब्रेम यांनी हयातीतच जॉर्ज श्नायडर यांना भागीदार करून घेतलं, म्हणून २०१६ मध्ये जो गेल्यावर बार वाऱ्यावर पडला नाही. जुने बार बुडण्याचं एक मोठं आणि न बोललं जाणारं कारण म्हणजे वारस नसणं. मालक जातो, भाचे-पुतणे गाळा विकतात. श्नायडर यांनी शेजारची जागा घेऊन बार वाढवला, ड्रॅगच्या प्रयोगांना रंगमंच केला. मग २०२१ च्या सुरुवातीला ट्रिक्सी मॅटेल भागीदार झाली. विस्कॉन्सिनच्या खेड्यात वाढलेली, मिल्वॉकीत शिकलेली, इथेच ड्रॅग करायला लागलेली ही कलाकार टीव्हीवरच्या स्पर्धेतून जगभर पोचली होती. कोविडने सगळे बार गुडघ्यावर आले असताना तिने घरच्या बारमध्ये पैसे घातले.

तरीही कोविडकाळातलं कर्ज फिटलं नाही. लोकांच्या बाहेर पडण्याच्या सवयी बदलल्या होत्या. आणि २०२४ मध्ये वेल्स स्ट्रीटवर रस्त्याचं काम निघालं, त्याने बारचं पुढचं दार महिनोन्महिने अडवलं. बंद करताना मालकांनी ही कारणं स्वतः सांगितली. बाहेरून कुणाला ती क्षुल्लक वाटतील. छोटं हॉटेल, दुकान, खानावळ चालवलेल्या माणसाला वाटणार नाहीत. दारासमोर खड्डा आणि बॅरिकेड असले की चार महिन्यांत वर्षाची कमाई जाते, भाडं मात्र दर महिन्याला पूर्ण द्यावं लागतं.

‘ब्लॅक नाइट’ मारामारीतून वाचला आणि महामार्गाखाली गेला. ‘धिस इज इट!’ गुन्ह्याच्या कायद्यातून, एड्समधून, शहराच्या मंदीतून वाचला, आणि कर्ज व खोदलेला रस्ता यांच्यापुढे थकला. ‘ब्लॅक नाइट’ ज्याच्यासाठी पाडला तो आय-७९४ महामार्ग पुढे होन ब्रिजवरून बंदर ओलांडतो. या पुलावर २०२० साली रंगीत दिवे बसवले, आणि प्राइडच्या, म्हणजे समलिंगी समाजाच्या उत्सवाच्या, दिवसांत ते इंद्रधनुष्याच्या रंगांत पेटतात.

वॉकर्स पॉइंटमध्ये, साउथ सेकंड स्ट्रीटवर, २००१ साली एका बाईने लेस्बियन स्त्रियांसाठी ‘वॉकर्स पिंट’ नावाचा बार काढला. देशभर अशा बारांची संख्या बोटांवर मोजण्याइतकी उरली असताना तो चालू राहिला. त्याच्याही परवान्याचा अर्ज दर वर्षी वेल्स स्ट्रीटवरच्या सिटी हॉलमध्ये जातो.